सुतारबाबांचा पंजा

वृद्धनिवासात दारावर टकटक झाली की ती बहुतेक वेळा औषधाची असते, चादरी बदलण्याची असते, नाहीतर चुकून झालेली असते. पहिल्या मजल्यावरची जिन्यालगतची खोली मात्र याला अपवाद होती. तिथे माणसं आपखुशीने यायची, बाहेर रांग लावायची आणि रांगेत 'मी आधी आले होते' म्हणून भांडायचीसुद्धा. ही खोली सुतारबाबांची. आणि सुतारबाबांकडे पंजा होता.

पंजा म्हणजे पाठ खाजवायचा लाकडी हात. एका मोडक्या खुर्चीच्या दांड्यातून सुतारबाबांनी तो कोरून काढला होता. मधे किंचित बाक, टोकाला पाच बोटं, बोटं जराशी आत वळलेली आणि नखं मुद्दाम बोथट ठेवलेली. वर्षानुवर्षं हातात फिरून त्याचा रंग गडद झाला होता आणि पॉलिशनेही येणार नाही अशी चकाकी त्याला आली होती. ती चकाकी कशाची होती हे पुढे प्रयोगशाळेत कळलं, पण ते पुढे.

ज्यांचे खांदे अजून वळतात त्यांना यात हसण्यासारखं वाटेल. हसा खुशाल. पाठीवर मधोमध, कण्याला चिकटून एक जागा असते. तिथे ना वरून हात पोचतो ना खालून, आणि म्हातारपणी खाज बरोबर तिथेच सुटते. मुलं लांब असतात, नर्सला हाक मारून 'पाठ खाजव' म्हणायची लाज वाटते, आणि दाराच्या चौकटीला पाठ घासावी तर समोरच्या खोलीतले बघतात. अशा वेळी पंजा काय चीज आहे ते कळतं. हेडबाई, म्हणजे एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, यांच्यासमोर लोक अजूनही ताठ बसायचे. पण पाठीवर पंजा फिरला की त्या डोळे मिटून शेळीसारखा बारीक आवाज काढायच्या आणि मग कोणी ऐकलं तर नाही ना म्हणून इकडेतिकडे बघायच्या.

पंजा फुकट मिळायचा, पण रिकाम्या हाताने यायची पद्धत नव्हती. कोणी जेवणातलं केळं राखून आणायचं, हेडबाई वर्तमानपत्रातल्या अपघातांच्या बातम्या वाचून दाखवायच्या, आणि शेजारच्या खोलीतले कंडक्टर अख्ख्या इमारतीची खबर आणायचे. कंडक्टर म्हणजे बसचे कंडक्टर. निवृत्त होऊन जमाना लोटला तरी जेवणघराच्या दारात उभं राहून 'पुढे सरका, पुढे जागा आहे' म्हणायची त्यांची खोड गेली नव्हती. ते पंज्याचं सगळ्यांत जुनं आणि सगळ्यांत चिकट गिऱ्हाईक. दिवसातून कितीदा यायचे याला गणती नाही.

सुतारबाबा स्वतः बोलायला भलतेच कंजूष. आयुष्यभर दारं, खिडक्या, शाळांची बाकं केली. लाकडाशी गप्पा माराव्या लागत नाहीत, त्यामुळे सवयच लागली नाही. नवीन कोणी राहायला आलं की ते त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळायचे आणि स्वागत म्हणून सांगायचे, तुमचा डावा खांदा खाली आहे. एवढ्यावर मैत्री जमत नाही, हे त्यांनाही कळत होतं. पंजा नसेल तर आपल्या दाराशी काळं कुत्रंही फिरकणार नाही, अशी त्यांची पक्की खात्री होती. म्हणून झोपताना ते पंजा उशाखाली ठेवायचे.

आता मापाचंही सांगून टाकायला हवं. सुतारबाबांचं माप कधी चुकलं नाही आणि या एका गोष्टीचा त्यांना जबर गर्व होता. पंजा त्यांनी मुळात केला तो बायकोसाठी. लग्न झाल्यापासून ती संध्याकाळी त्यांच्याकडे पाठ करून बसायची आणि सुरू व्हायची. वर, अजून वर, डावीकडे, तिथे नाही हो, त्याच्या शेजारी. सुतारबाबा म्हणजे सुताचाही, इंचाच्या आठव्या भागाचाही, फरक न खपवणारा माणूस. 'त्याच्या शेजारी' हे त्यांच्या लेखी मापच नव्हतं. शेवटी वैतागून त्यांनी तिच्या हाताची आणि पाठीची मापं घेतली, हा पंजा कोरला आणि आता तुझं तू कर म्हणून तिच्या हातात ठेवला. बायकोने तो पाठीवर फिरवून बघितला आणि म्हणाली, "आखूड झालाय."

सुतारबाबांनी टेप काढली. माप बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा म्हणाली, आखूडच आहे, पोचत नाही. त्यांनी पुन्हा टेप लावली, तिचा हात धरून पंजा नेमक्या जागी टेकवून दाखवला आणि विचारलं, आता बोल. बायको उठून आत गेली. त्यानंतर ती पाठ करून कधी बसलीच नाही. तो वाद आपण जिंकला असं सुतारबाबा इतकी वर्षं धरून चालले होते. ती गेल्यावर पंजा त्यांच्याबरोबर वृद्धनिवासात आला.

तर असं सगळं सुखाने खाजवणं चाललेलं असताना पहिल्या मजल्यावर गळवं आली.

आधी एकाच्या पाठीवर, मग दुसऱ्याच्या. लाल, टपोरी, पू धरणारी. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, गळवांनी त्या मोजल्या नाहीत. दुसऱ्या दिल्या, त्याही पचवल्या. पू तपासला तेव्हा कळलं की हा जंतू नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद देत नाही. कंडक्टरांनी लगेच त्याचं बारसं करून टाकलं: घरजावई. आला की हलत नाही, काहीही करा त्याला लागत नाही, उलट तब्येत सुधारते. नाव इतकं चपखल बसलं की सिस्टरसुद्धा एकदा फोनवर डॉक्टरांना कोपऱ्यातल्या खोलीत घरजावई आहे म्हणून सांगून बसल्या. सिस्टर म्हणजे इथल्या मुख्य नर्स. त्यांच्या चपलांचा आवाज आला की लोक झोपेतसुद्धा नीट झोपायचे.

मग मोठ्या रुग्णालयातून एक संशोधक आली. वृद्धांच्या निवासांमधून असले हट्टी जंतू कसे पसरतात आणि त्यांना कसं रोखायचं, हा तिचा अभ्यास. वयाने तरुण, डोळ्यांवर मोठा चष्मा, हातात लांब काडीला गुंडाळलेला कापूस. ती तो कापूस दिसेल त्यावर फिरवायची: कठडे, नळ, दारांच्या मुठी, टीव्हीचा रिमोट, आणि परवानगी घेऊन माणसांच्या नाकातसुद्धा. पहिल्याच दिवशी तिचं नाव कापूसवाली पडलं.

तिने सगळ्यांना जेवणघरात बसवून समजावलं. अँटिबायोटिक गरज नसताना घेतलं, मनाने मधेच सोडलं, एकमेकांत वाटलं, की लेचेपेचे जंतू मरतात आणि तालीम केलेले उरतात. मग त्यांचंच गोत वाढतं आणि हातांवरून, वस्तूंवरून या माणसाकडून त्या माणसाकडे जातं. हे ऐकता ऐकता कंडक्टरांनी आपलं चष्म्याचं घर हळूच मिटलं. त्यात चष्मा नव्हताच. बरं वाटायला लागलं की उरलेल्या गोळ्या ते त्यात साठवायचे, आणि कोणाचा दात दुखला, कोणाला शिंका आल्या, की तिकीट फाडून द्यावं तशी एकेक काढून द्यायचे. सुट्टे परत मागायचे नाहीत, एवढंच.

वस्तू म्हणजे नेमक्या कोणत्या, असं हेडबाईंनी हात वर करून विचारलं आणि तिथेच घात झाला. कापूसवालीने सांगितलं, ज्या ज्या सामाईक वापरता त्या सगळ्या. सिस्टर त्याच दुपारी कामाला लागल्या. दिवाणखान्यातला सामाईक कंगवा गेला. वर्तमानपत्राजवळ दोरीला बांधलेला सामाईक चष्मा गेला. खिडकीजवळच्या खुर्चीतली मऊ उशी, जिच्यासाठी दोन म्हाताऱ्यांनी बोलणं टाकलं होतं, तीही गेली. सगळं पिवळ्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड बांधलं गेलं. पिशवी बाहेर जाताना लोक आपापल्या दारात उभे राहून बघत होते. सगळ्यांच्या पाठी एकदम खाजायला लागल्या.

संध्याकाळी सुतारबाबांच्या खोलीला आतून कडी लागली. आत बसायला जागा नव्हती. कंडक्टर आपण होऊन अध्यक्ष झाले आणि ठरलं की काय वाटेल ते होवो, पंजा वाचवायचा. पंज्यावरच जंतू असेल ही शंका कोणाला शिवली नाही असं नाही, पण हेडबाईंनी ती तिथल्या तिथे खोडून काढली. खाज आधी सुटते, पंजा नंतर येतो; जो नंतर येतो तो कारण कसा असेल? सगळ्यांना हे एकदम पटलं. माणसाला जे पटवून घ्यायचं असतं ते फार लवकर पटतं. सुतारबाबांना या वादात रसच नव्हता. त्यांना फक्त दार वाजत राहायला हवं होतं.

योजना कंडक्टरांची. कापूसवाली फाटकातून आत शिरताना दिसली की त्यांनी जिन्याच्या लोखंडी कठड्यावर चमच्याने दोन ठोके द्यायचे. डबल बेल, म्हणजे गाडी सोडा. लगेच पंजा सुतारबाबांच्या उशाखालून निघायचा, कंडक्टरांच्या शर्टाच्या आतून हेडबाईंच्या विणकामाच्या पिशवीत जायचा आणि तिथून पुढे, ती ज्या बाजूला कापूस फिरवत असेल त्याच्या उलट बाजूला. एक ठोका म्हणजे थांबा, आहात तिथेच बसून राहा. पहिला मजला पूर्ण तपासायचा असला की पंजा वर, दुसऱ्या मजल्यावर. वरच्या लोकांशी खालच्यांचं टीव्हीच्या आवाजावरून हाडवैर होतं आणि सुतारबाबांनी त्यांना आजवर पंजा दाखवलासुद्धा नव्हता. पण अडचणीच्या वेळी ते सगळं बाजूला ठेवावं लागलं.

योजनेत एकच भोक होतं. हातात आलेला पंजा माणूस नुसताच पुढे देईल काय? एक हात मारून घेतो आणि देतो, असं प्रत्येकाने केलं. वरच्या मजल्यावर तर लोक इतकी वर्षं फक्त कीर्ती ऐकून होते. त्यांनी दोन-दोन हात मारले. पूर्वी पंजा दिवसाकाठी चारदोन पाठींवर फिरायचा. आता चमचा वाजला की तो थोड्या वेळात सगळ्या इमारतीची पाठ खाजवून परत यायचा. जितका लपवला तितका फिरला, आणि त्याच्याबरोबर घरजावईही सगळीकडे जेवून आला.

एकदा कापूसवाली दोन्ही मजले एकदम तपासायला मदतनीस घेऊन आली, तेव्हा कंडक्टरांनी कमाल केली. त्यांनी पंजा थेट सिस्टरांच्या कार्यालयात, त्यांच्याच कपाटामागे उभा करून ठेवायला लावला. सिस्टरांच्या खोलीत कोण शोधणार? दुपारी हेडबाई थर्मामीटर मागायच्या निमित्ताने तो परत आणायला गेल्या. पंजा त्यांनी बोटं वर करून ठेवला होता, तो आता बोटं खाली करून उभा होता. आपलीच चूक झाली असेल असं म्हणून त्यांनी तो पिशवीत टाकला.

इकडे कापूसवाली हैराण झाली होती. तिने इमारतीचा आराखडा भिंतीवर लावला होता आणि जिथे जंतू सापडेल तिथे लाल ठिपका देत होती. ठिपके अक्कल नसल्यासारखे वागत होते. हात धुणं वाढलं होतं, नळ स्वच्छ होते, रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत होता, तरी ठिपके जिना चढून वर गेले. एका टेबलाशी जेवणाऱ्यांना सोडून, एकमेकांशी वर्षानुवर्षं न बोलणाऱ्यांना झाले. आणि दर वेळी तिची फेरी झाली की नंतरच वाढायचे. शेवटी तिला स्वतःचाच संशय आला. तिने स्वतःच्या नाकात कापूस घालून तपासून घेतलं. काही निघालं नाही. त्याच सुमारास सिस्टर खुर्चीत पाठ न टेकता, परीक्षेला बसल्यासारख्या बसायला लागल्या. कोणी विचारलं तर म्हणायच्या, ताठ बसण्याने पाठीला बरं असतं.

मग कंडक्टर पडले.

त्यांच्या पाठीवरचं गळू बरेच दिवस होतं, पण आपली सोय आपल्याकडे आहे म्हणून त्यांनी ते कोणाला दाखवलं नव्हतं. चष्म्याच्या घरातल्या उरल्यासुरल्या गोळ्या ते रंग बघून घेत होते. सकाळी पांढरी, दुपारी पिवळी. गळवाला त्याचा काडीइतका फरक पडला नाही. एक दिवस जेवणघराच्या दारात 'पुढे सरका' म्हणता म्हणता ते स्वतःच खाली बसले. अंग भाजत होतं. रुग्णवाहिका आली. कंडक्टरांना स्ट्रेचरवरून नेताना सुतारबाबा जिन्यापर्यंत बरोबर चालत गेले. कंडक्टरांनी डोळे किलकिले केले.

"पंजा सांभाळ," ते म्हणाले. मग त्यांनी स्ट्रेचरच्या दांडीवर बोटाने दोन ठोके दिले, आणि माणसं त्यांना घेऊन गेली.

त्या संध्याकाळीही सुतारबाबांच्या दारावर टकटक झाली. त्यांनी उघडलं नाही. खिडकीजवळ बसून ते पंजा उलटासुलटा करून बघत होते. बोटांच्या बेचक्यांत बारीक भेगा पडल्या होत्या आणि भेगांमध्ये काळं काहीतरी घट्ट बसलं होतं. हे त्यांनी याआधी पाहिलं नव्हतं असं कोण म्हणेल? पाहिलं होतं, पण बघायचं टाळलं होतं. पंजा दिला तर दार गप्प होणार. आणि नाही दिला तर? या दारावर सगळ्यांत जास्त वाजणारा हात रुग्णालयात पडला होता. तोच परत आला नाही तर दार राखायचं कोणासाठी?

पुढच्या वेळी कापूसवाली फाटकाशी आली तेव्हा चमचा वाजला नाही. वाजवणारा नव्हता. सुतारबाबा पंजा टॉवेलमध्ये गुंडाळून, कठडा धरत एकेक पायरी उतरून तिच्यासमोर उभे राहिले. मागे सिस्टर होत्या.

"ताई," ते म्हणाले, "तुमचा घरजावई यात राहतो."

कापूसवालीने हातमोजे चढवले, टॉवेल उलगडला आणि पंज्याच्या भेगांवरून कापूस फिरवला. हा कोणी कोणी वापरला असं तिने विचारलं. सुतारबाबा म्हणाले, कोणी वापरला नाही ते विचारा, लवकर आटपेल. मग त्यांनी सगळं सांगितलं: चमचा, शर्ट, विणकामाची पिशवी, दुसरा मजला, सिस्टरांचं कपाट. इतकं सलग ते आयुष्यात कधी बोलले नव्हते. ते दोन ठोके तिला दर वेळी ऐकू यायचे, पण पाण्याच्या नळाचा आवाज असेल असं ती समजत होती, म्हणून तिने कपाळाला हात लावला. मग हातमोजा आठवून तो घाईघाईने काढला आणि कपाळ धुवायला गेली. परत आल्यावर तिने सिस्टरांकडे बघितलं. सिस्टर भिंतीवरचं अग्निशामक यंत्र फार बारकाईने वाचत होत्या.

"एकदाच," सिस्टर म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "म्हणजे दोनदा."

प्रयोगशाळेतून उत्तर आलं ते अपेक्षेप्रमाणे होतं. गळवांमधला जंतू आणि पंज्याच्या भेगांमधला जंतू एकच. आणि ती सुप्रसिद्ध चकाकी म्हणजे तेल, घाम आणि कातडीचा चुरा. थरावर थर, सगळ्या इमारतीची पाठ. हे ऐकल्यावर हेडबाई दोन दिवस जेवताना कोणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हत्या. सुतारबाबांनी विचारून बघितलं की रंधा मारून वरचा थर काढला तर? उकळत्या पाण्यात ठेवला तर? कापूसवालीने न हसता सांगितलं की भेगा खोल आहेत, लाकूड आत धरून ठेवतं, आता इलाज नाही. पिवळ्या पिशवीचं तोंड मात्र तिने त्यांनाच बांधू दिलं. त्यांनी अशी गाठ मारली की ती कोणालाही सुटली नसती.

पोरगी नुसती कापूसच फिरवणारी नव्हती. जाताना ती म्हणाली की खाज काही पिशवीत जाणार नाही, ती इथेच राहणार. म्हणून प्रत्येकाचा स्वतःचा पंजा हवा, गुळगुळीत, भेग नसलेला, साबणाने धुता येईल असा. बाबा, होईल का तुमच्याकडून?

होणार नाही कसं? पण सुतारबाबांना त्यातली मेख तिथल्या तिथे कळली. प्रत्येकाच्या हातात स्वतःचा पंजा दिला की त्यांच्याकडे कोण कशाला येईल? आपल्याच दाराला आपल्याच हाताने खिळे ठोकायचं काम होतं ते. तरी त्यांनी मान डोलावली, कारण कंडक्टर अजून रुग्णालयात सलाईनवर होते.

लाकूड बाद झालं. स्वयंपाकघरात भाज्या चिरायला वापरतात त्या पांढऱ्या जाड प्लास्टिकच्या नव्या पाट्या मागवल्या. सुतारबाबांना प्लास्टिकचा मनस्वी तिटकारा. त्याला रेषा नाही, वास नाही, करवतीखाली ते साबणासारखं निघतं. शिव्या देत देत त्यांनी काम सुरू केलं. आणि मग त्या खोलीपुढे अशी रांग लागली की पंज्याच्या भरभराटीच्या काळातही लागली नव्हती. प्रत्येकाच्या हाताचं माप, पाठीचं माप, खाज कुठे सुटते ते बोटाने दाखवायचं. वरच्या मजल्यावरचे आले, टीव्हीचा आवाज कमी करू म्हणाले. सिस्टर दार लोटून आल्या आणि नुसती जागा सांगितली, माप घेऊ दिलं नाही. सुतारबाबांना त्यांच्याकडे बघून माप कळलं होतंच. कंडक्टरांचं माप त्यांनी खुंटीवरच्या शर्टावरून घेतलं.

मग पंजे वाटून झाले, आणि व्हायचं तेच झालं. दार गप्प बसलं. सिस्टरांनी प्रत्येक दाराबाहेर हात स्वच्छ करायच्या द्रवाची बाटली लावली होती. आत जाताना दाबायची, बाहेर पडताना दाबायची. बाकीच्या बाटल्या रोज भराव्या लागत. सुतारबाबांची तशीच भरलेली असायची. नवी गळवं येणं थांबलं. भिंतीवरच्या आराखड्यावर कापूसवाली आता हिरवे ठिपके देत होती आणि तिच्या वरिष्ठांना हा अभ्यास फार आवडल्याचं तिने येऊन सांगितलं. सुतारबाबा चांगलं झालं म्हणाले आणि ते त्यांना खरंच वाटत होतं. पण दुपारी ते उगाच दारापर्यंत जायचे, उघडून बघायचे आणि वारा होता असं स्वतःला सांगून परत बसायचे. त्यांना फार एकटं वाटत होतं.

कंडक्टर परतले ते अर्धे होऊन. रुग्णालयात जंतूला लागू पडणारं इंजेक्शन सापडलं होतं, आणि पुढच्या गोळ्या शेवटपर्यंत घ्यायच्या होत्या. त्यासाठी सिस्टर स्वतः समोर उभ्या राहून गोळी गिळल्यावर त्यांना जीभ वर करायला लावायच्या. चष्म्याच्या घरात आता चष्मा होता. त्यांचा पांढरा पंजा त्यांच्या उशीवर ठेवलेला होता. त्यांनी तो उचलून बघितला, छान आहे म्हणाले आणि झोपून गेले. पुढे काही दिवस ते खोलीतच असायचे.

एका दुपारी बाहेरची बाटली दाबल्याचा फसफस आवाज आला. मग दारावर दोन ठोके पडले.

कंडक्टर हात चोळत आत आले. काखेत पंजा होता. ते पलंगाजवळच्या स्टुलापाशी उभे राहिले, बसले नाहीत.

"आखूड झालाय," ते म्हणाले. "पोचत नाही."

सुतारबाबांच्या मस्तकात तिडीक गेली. त्यांचं माप आणि आखूड? हात आपोआप खिशात गेला, टेप अर्धी बाहेर आली. त्यांनी एकवार कंडक्टरांच्या हाताकडे पाहिलं, पंज्याकडे पाहिलं. टेप लावायची गरजच नव्हती. पंजा सुताइतकाही चुकला नव्हता; कंडक्टर वाळले होते, त्यांचे हात तेवढेच होते. मग त्यांनी कंडक्टरांच्या तोंडाकडे पाहिलं. कंडक्टर पंज्याकडे बघत नव्हते, स्टुलाकडे बघत होते. बसायला सांगितलं जाईल की नाही याची वाट बघणाऱ्या माणसासारखे.

सुतारबाबांना दुसरं एक माणूस आठवलं, जे रोज संध्याकाळी पाठ करून बसायचं, आणि ज्याला त्यांनी टेप लावून गप्प केलं होतं. तिला माप कळत नव्हतं असं ते समजत होते. तिला माप चांगलं कळत होतं.

त्यांनी टेप परत खिशात सारली.

"आखूड झालाय खरा," ते म्हणाले. "बस. दुरुस्तीला वेळ लागेल. रोज आणून दाखवावा लागेल."

"आणीन की," कंडक्टर म्हणाले आणि घाईने स्टुलावर बसून त्यांच्याकडे पाठ केली.

सुतारबाबा बेसिनपाशी गेले. कापूसवालीने शिकवलं होतं तसे त्यांनी हात धुतले, बोटांच्या बेचक्यांतून, नखांच्या खालून, अंगठ्याभोवती. पुसले आणि येऊन कंडक्टरांच्या मागे बसले.

"वर," कंडक्टर म्हणाले. "अजून वर. डावीकडे. तिथे नाही रे, त्याच्या शेजारी."

सुतारबाबांनी बोटं शेजारी नेली.